मंगीचे डोळे आणि आजीची कोंबडी

आमच्या दवाखान्यात औषधांचं कपाट लहान आहे, किस्से ठेवायलाच जागा पुरत नाही. माझी आई तिथे नर्स. त्र्यंबकेश्वरच्या पुढे डोंगरात हे आरोग्य केंद्र आहे, मागेच आमचं क्वार्टर. शाळेतून आले की मी व्हरांड्यात अभ्यासाला बसते. मी फारशी बोलत नाही, म्हणूनच बहुतेक माझ्यासमोर सगळे मोकळं बोलतात. यंदाचे किस्से मंगीच्या घरचे.

* * *

मंगी चार वर्षांची, दिसायची दोनची. दिवस मावळला की तिला काहीच दिसायचं नाही. ठेवलं तिथे बसून राहायची.

डॉक्टर तिच्या आईला, पारूताईला म्हणाले, "अ जीवनसत्त्व पार संपलंय. डोस पुरे होईपर्यंत इथेच थांब, नजर वाचेल. बुबुळ पांढरं झालं तर मग माझ्या हातात काही नाही."

वजनाची झोळी बघून मंगीची आजी आडवी आली. "पोर तोलायची नाय. नजर लागंल."

माझ्या आईने घरातून भोपळा आणून झोळीत ठेवला. "आधी याला तोलू. लागायची ती याला लागेल."

आजीला पटलं. मंगीचं वजन झालं. मग आजी तो भोपळा उचलून थेट ओढ्यात टाकून आली. आमची भाजी गेली.

* * *

पारूताईच्या अंगातही रक्त कमी. मागे दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचं काय झालं, असं आईने विचारलं.

आजी म्हणाली, "त्यानं शी काळी होते. कोंबडीला घातल्या."

"मग कोंबडीचंच रक्त तपासायला आणा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आजी काखेत कोंबडी घेऊन रांगेत उभी. डॉक्टरांनी कोंबडीकडे नीट पाहिलं. "हिची तब्येत सुधारली. आता गोळ्या सुनेला द्या."

आजीने मान डोलावली. त्या दिवसापासून ती स्वतः समोर उभी राहून सुनेला गोळी गिळायला लावायची.

* * *

सायखेड्याकडे द्राक्षबागांच्या कामाला पाड्यावरची माणसं निघाली. टेम्पो फाटकाशी थांबला. मंगीचा बाप आत आला. "चल. मुकादम थांबायचा नाय."

पारूताई नवऱ्यासमोर कधी मान वर करत नसे. त्या दिवशी तिने केली.

"तुमी व्हा पुढं. मी हिचे डोळे घेऊन येते."

टेम्पो गेला. मी पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

* * *

मंगीचे डोस सुरू होऊन काही दिवस झाले होते. दिवस मावळल्यावर लाईट गेली, चांदण्याचा तेवढा उजेड होता. एरवी अंधारात मंगी हलायची ती फक्त आईच्या बांगड्यांच्या आवाजावर. त्या दिवशी पारूताई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसली. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट दाबून धरल्या. मला ओठांवर बोट ठेवून खुणावलं.

मंगी उठली. खांबाला वळसा घातला. माझ्या दप्तरापाशी थांबली, ते ओलांडलं.

मंगी तिच्यासमोर उभी राहिली. वाकून चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आये, तुजी टिकली भुवईवर घसरली."