झुलीखालचा हरण्या

रुक्मिणबाईचा हात जनावराच्या अंगावरून फिरू लागला, की मालकाची नजर तिच्या बोटांवरून हलायची नाही. मुखेडकडच्या त्या गावात ती पशुसखी. गोठ्यागोठ्यात जायचं, मान, पाठ, जांघ चाचपायची, गोचीड-माशा बघायच्या आणि लम्पी ह्या साथीच्या रोगाची गाठ हाताला लागली, की दवाखान्याला फोन. फोन झाला, की जनावराचा बाजार बंद. म्हणून ती दिसताच "आमचं ढोर ठणठणीत हाय" म्हणणारे कमी नव्हते. ती ऐकून घ्यायची आणि सरळ गोठ्यात शिरायची.

पोळ्याच्या सकाळी गाठी तिच्याच गोठ्यात निघाल्या. हरण्याच्या पाठीवर, सुपारीएवढ्या. आणि हरण्या तर मानाचा बैल. वेशीतल्या तोरणाखालून पहिल्यांदा त्यानंच जायचं, हा तिच्या सासऱ्याचा, व्यंकटीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. आता लम्पीला कुठला आलाय मानपान!

व्यंकटीनं पेटीतली झूल आणून गाठींवर पांघरली. "आजच्या दिवस गप ऱ्हा."

"मामा, ह्याला चावलेली माशी दुसऱ्याच्या बैलावर बसंल."

"मग मान त्या टपून बसलेल्या शेषेरावच्या घरी जाऊ देऊ का?"

दुपारी तो हरण्याला घेऊन वेशीत गेलाच. हलगी वाजत होती, बैल दाटीनं उभे होते. पोळ्याला बायकांनी वेशीत यायचं नाही, असा गावचा रिवाज. रुक्मिणबाई पदर खोचून तोरणाखाली गेली आणि सगळ्यांदेखत तिनं झूल ओढून काढली. हलगी थांबली.

"सून हाय का वैरीण?" कुणीतरी म्हणालं.

"काय म्हणायचं ते म्हणा. आधी बैल मागं घ्या."

शेषेरावानंच पहिल्यांदा आपली जोडी वळवली. त्या वर्षी पूजा ज्याच्या-त्याच्या दारात झाली.

हरण्या वाचला नाही. वासरू होता तेव्हापासून रुक्मिणबाईनंच त्याला चारापाणी केलं होतं. ती पोटभर रडली. व्यंकटीनं तिच्याशी बोलणं टाकलं. तिनंही माफी मागितली नाही. कशाची मागायची?

यंदाच्या पोळ्याला मान शेषेरावाकडे गेला. रुक्मिणबाई बैल तपासायला पुन्हा वेशीत उभी राहिली, तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं. "सणाच्या दिवशी चढवलेली झूल उतरवत नसतेत, बाई."

ती काही बोलणार, तोच गर्दीतून व्यंकटी पुढं आला. हातात कासरा नव्हता. त्यानं शेषेरावाकडे बघितलंसुद्धा नाही, त्याच्या बैलाच्या झुलीचे बंद सोडले आणि ती खांद्यावर घेतली.

"लाव हात, रुक्मिण," तो म्हणाला. "कुणाला काय म्हणायचं ते आता मला म्हणू दे."