सरांनी स्वतःवर घेतलेली माझी चूक

ढोके सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या वर्गात मी उशिरा शिरलो तेव्हा. दाराशी उभं राहून मी आत येण्याच्या परवानगीचं घोकलेलं लांबलचक इंग्रजी वाक्य म्हटलं. सर म्हणाले, "हा अर्ज झाला. आता तोंडानं सांग." वर्ग हसला. सर हसले नाहीत, हे मला तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

इंग्रजीतली आखूड रूपं म्हणजे आम्हा पोरांना फसवणूकच वाटायची. पाठ करावं 'डू नॉट', आणि ऐकू यायचं 'डोन्ट'. सर ती आमच्याच बोलीतून उलगडत. "मायले 'तू कुठे आहेस' असं विचारतो काय गा? 'कुठं हायेस वं' म्हणतो. इंग्रजही घरात तसाच बोलते." शनिवारी ते दोघांना समोर उभं करत, एक घरमालक, एक भाडेकरू. आधी तोंडी भांडण आखूड रूपांत, मग तीच तक्रार अर्जात, सगळे शब्द पूर्ण लिहून. नळाच्या पाण्यावरून झालेलं ते भांडण आमच्यातल्या कित्येकांचं पहिलं इंग्रजी.

मी तेव्हा वर्गातल्या एका मुलीच्या पायी वेडा झालो होतो. तिला द्यायच्या चिठ्ठीचा मसुदा मी सरावाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, तिच्या नावासकट, आणि तीच वही तपासायला दिली. वही परत आली. 'आय डू नॉट स्लीप', 'आय कॅनॉट ईट' या माझ्या वाक्यांवर लाल पेन्सिलीनं 'डोन्ट', 'कान्ट' केलेलं, आणि खाली लिहिलेलं: 'जवळच्या माणसाशी अर्जासारखं बोलू नये.'

मला ती थट्टा वाटली. मी भर वर्गात उठलो, वही फाडून सरांच्या टेबलावर फेकली आणि म्हणालो, "तुमचं इंग्रजी तुमच्यापाशीच ठेवा." आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली पडलेला एकेक तुकडा सरांनी वाकून स्वतः उचलला, कोणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, पुरावा गोळा करतात. मी निघालो तो परत कॉलेजात गेलो नाही.

दोन वर्षांनी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत होतो. कॉलेजचे शिपाई धर्माजी पुस्तकांचं पार्सल सोडवायला आले. त्यांनी मला ओळखलं आणि ऐकवलं, "तुले काहीच माहीत नाही काय गा? प्राचार्यांनी इचारलं, पोरगा काहून गेला. सरांनी लिहून देल्लं, मी त्याले लागंल असं बोललो म्हणून. मेमो भेटला त्यायले."

खरं कारण सांगायचं तर चिठ्ठी दाखवावी लागली असती, आणि चिठ्ठीवर त्या मुलीचं नाव होतं. तुकडे का वेचले, ते मला बिल्ट्यांच्या गठ्ठ्यापुढे उभं असताना कळलं.

त्या रविवारी मी नंदनवन वस्तीत सरांच्या घरी गेलो. तोंडातून माफीचा शब्द निघाला नाही. सरांनीही तो विषय काढला नाही. चहा दिला, गोदामात इंग्रजी पत्रं येतात का विचारलं, आणि पुढच्या रविवारी ती घेऊन ये म्हणाले. तेव्हापासून मी जातो. शिकतो, आणि दर वेळी माफी न मागताच परततो.

सरांवरच्या या गौरव अंकात लिहिणारे बहुतेक जण सरांचे सहकारी आहेत. त्यांच्यात अजूनही म्हटलं जातं की सर तसे शांत, पण एकदा एका पोराला टाकून बोलले आणि त्याचं शिक्षण सुटलं. तो पोरगा मी. सर मला काहीही वाईट बोलले नव्हते. शिक्षण मी सोडलं, माझ्या डोक्यातल्या रागानं. हे लिहू का, असं मी सरांना विचारलेलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं असतं.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना पुढचं आयुष्य भरपूर, निरोगी आणि निवांत लाभो. आणि तो प्रसंग आपल्यात पुन्हा कधी निघालाच, तर यापुढे दोष सांगताना माझं नाव घ्यावं.