आठाने गुणायचं राहिलं

श्रीवर्धनात आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीचं ऑफिस किराणा दुकानाच्या वर होतं, आणि दुपारी तिथे जागं राहणं हेच माझं खरं काम होतं. समोर पडद्यावर एकेका गावाचा आलेख. गावात किती इंटरनेट वाहतंय ते दर पाच मिनिटांनी मोजलं जायचं आणि रेष टिचभर पुढे सरकायची. खिडकीतून सुपारीच्या वाडीचा गारवा आत यायचा, डोळे जड व्हायचे, आणि मला वाटायचं, मी त्या गावांवरून अलगद तरंगत चाललेय. सकाळी माणसं उठली की रेष चढायची. जेवणं उरकून गाव लवंडलं की उतरायची. कोण जागं झालं, कोण झोपलं, सगळं मला वरून दिसतंय असं वाटायचं, आणि खरं सांगते, त्याचा मला थोडा माजही होता.

दिघीच्या वाटेवरचं एक गाव माझं विशेष लाडकं. तिथल्या घराघरातलं कोणी ना कोणी आखातात. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी सगळ्यांचे व्हिडिओ कॉल एकदम सुरू व्हायचे. रेष सरसर चढायची आणि वर जाऊन सपाट व्हायची, आमच्याकडच्या डोंगरमाथ्यावरच्या कातळी सड्यासारखी. दोन-अडीच तास तशीच. मी अर्धवट झोपेत त्या सड्यावर हिंडून यायची. ती एवढी सपाट का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. झोपाळू बाई, दुसरं काय!

त्याच गावात माझ्या आईची मैत्रीण राहायची, आमची काकू. नवरा गेलेला, वाडी एकटी सांभाळायची, एकुलता एक मुलगा मस्कतला. एका शुक्रवारी तिचा फोन आला. बोलता बोलता मुलाचं चित्र अडकतं, मग वैतागून तीच फोन बंद करते, म्हणाली. मी आलेख बघितला. गावाची लाईन शंभरची, रेष बारावर. मी तोऱ्यात सांगितलं, लाईन ऐसपैस रिकामी आहे काकू, जे काही असेल ते त्याच्या बाजूला.

मी हे सहज बोलून गेले, पण तिने ते धरून ठेवलं. तिच्या मनाने घेतलं की घरी कधी येणार, असं विचारलं की नेमका तो अडकतो. म्हणजे टाळतो. शेवटी एका शुक्रवारी तिने त्याला सुनावलं, टाळायचंच असेल तर फोन करू नकोस. तोही तिचाच मुलगा, त्याने फोन करणं सोडलं. आईकडून मला हे कळलं तेव्हा पाच शुक्रवार कोरडे गेले होते, आणि मी वर त्या मुलालाच नावं ठेवली.

पुढच्या सोमवारी आमचा लाईनमन त्या गावात लाईन तपासायला गेला. एक मोठी फाइल उतरवत ठेवून तो मला फोनवर म्हणाला, इथे शहाण्णव दाखवतंय. माझ्याकडे बारा. मी त्यालाच झापलं, डोळे उघडून बघ म्हणून. मग माझी मीच गार पडले. मशीन मोजतं बाइट, लाईन ठरते बिटांत, आणि एका बाइटात बिट आठ. आलेख मीच मांडला होता आणि त्यात आठाने गुणायचं राहिलं होतं. बारा आठे शहाण्णव, शाळेतला पाढा! माझा तो सुंदर सडा म्हणजे गच्च भरलेली लाईन होती. वर जायला जागाच नव्हती म्हणून सपाट, आणि तिच्याखाली अख्ख्या गावाची माणसं अर्ध्या शब्दावर अडकलेली.

मला इतकी लाज वाटली की मालकांना सांगताना रडूच फुटलं. त्यांनी दोन दिवसांत गावाची लाईन वाढवून दिली. शुक्रवारी मी स्कूटर काढली.

काकू ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, बाइट, बिट, आठाचा गुणाकार. तिच्या डोक्यावरून जातंय असं मला वाटत होतं.

"म्हणजे बारा घड मोजलेस आणि बारा सुपाऱ्या म्हणालीस," ती म्हणाली.

मी मान हलवली. आता ही मला फाडून खाणार म्हणून मी खाली बघत राहिले. तिने हात पदराला पुसले. "मी त्याला खोटा ठरवला, बाय," ती म्हणाली. "तूच सांग त्याला. माझं तो ऐकायचा नाही."

मी तिच्याच फोनवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. चित्र लख्ख आलं. छोटी खोली, पलंग, त्यावर तो, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे. मी एका दमात बोलून टाकलं. चूक माझी होती, लाईन खरंच भरलेली असायची, तू टाळत नव्हतास हे काकूला कळलंय.

"ऐकलंस ना रे?" काकूने विचारलं.

पडद्यावर तो तसाच. मान खाली, ओठ जरासे उघडे. पापणीसुद्धा हलेना.

काकूचा चेहरा उतरला. "बघ, अडकला परत," म्हणत तिने सवयीने फोन बंद करायला बोट पुढे केलं. मी तिचा हात धरला. त्याच्यामागे दोरीवरच्या शर्टाची बाही पंख्याच्या वाऱ्याने हलत होती.

"काकू, थांब," मी म्हटलं. "लाईन चालू आहे. तो रडतोय."