तळ्याचे डॉक्टर

तीन भावांच्या घरांचं मिळून एक तळं, आणि त्या तळ्याचे डॉक्टर म्हणजे थोरले नाना. पाण्याचा रंग बघून माशांचं दुखणं ओळखायचे, बावीस वर्षं झाली! वरच्या पाण्यात खाणारा कटला, मधे रोहू, तळाशी मृगळ, एकाच पाण्यात तीन जातींचे मासे, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. "माझ्या माशांना जमतं ते माझ्या भावांना जमत नाही," असा टोमणा नाना येताजाता मारायचे.

गेल्या वर्षापासून मात्र डोळ्यांपुढे धुकं. पण सांगतंय कोण? सांगितलं की तळं हातातून गेलंच. विचारलं की ठरलेलं, "लख्ख दिसतंय मला!"

सुनेला कळलं होतं. चहाचा कप ते चाचपडत शोधायचे ना, तेव्हाच. पण ती गप्प राहिली. तळं सोडून म्हाताऱ्याकडे होतं तरी काय?

मग सलग चार दिवस आभाळ, ऊन नाहीच. पाचव्या सकाळी नाना काठावर गेले तर पाण्यावर माशांच्या तोंडांची नुसती पचपच पचपच. "आले का रे भुकेले!" असं म्हणून त्यांनी खाद्याची अख्खी बादली ओतली. वर लाडाने बोलतही बसले.

सून उशिरा आली. तिने जोरात टाळी वाजवली. भुकेला मासा टाळीला घाबरून बुडी मारतो. एकही हलला नाही.

"मामंजी, अहो, गुदमरलेत ते! ऊन नाही म्हणून पाण्यात हवा उरली नाही, त्यात खाद्य टाकलं की उरलीसुरलीही जाते!"

बांबूंनी पाणी बडवलं, पंप लावला, सगळे धावले. दुपारपर्यंत मोठे कटले पांढरं पोट वर करून तरंगत होते.

"काय हो डॉक्टर, दिसलं नाही तुम्हाला?" धाकटा भाऊ ओरडला.



"मी टाकलं खाद्य," सून पटकन म्हणाली. "माझंच चुकलं."

"तुला कुणी सांगितला होता शहाणपणा? आजपासून तळ्याकडे फिरकायचं नाही! नाना, बरोबर ना?"

सून नानांकडे बघत राहिली. एक शब्द, बास, एकच.

नानांनी मान हलवली. हो म्हणून.

संध्याकाळी तिने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. नाना बराच वेळ जेवलेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "उद्या सकाळी जरा... पाण्याचा रंग बघशील?"

"मला मनाई आहे, मामंजी," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.