कमी मिठाची भाजी

बाबांना कंपवात होता. पाय थरथरतात म्हणूनच ते पडतात, असं मी धरून चालले होते. आईला उच्च रक्तदाब, म्हणून घरात सगळ्यांचीच भाजी कमी मिठाची.

"अयनी लागते वं माय. जरासं मीठ दे."

"कायले, बाबा? बीपी वाढवाले?"

ते हसून जेवत.

एका सकाळी बुद्धवंदना म्हणून उठताना ते कोसळले आणि खुबा मोडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कंपवातात पुष्कळदा उभं राहताच रक्तदाब उतरतो. यांचं मीठ तोडायला नको होतं. बाबांचा रक्तदाब मी कधी मोजलाच नव्हता.

दवाखान्यात मी डब्यात पुरेसं मीठ घातलेली भाजी नेली.

"आता लागली चव," बाबा म्हणाले.

ते पुन्हा उभे राहिले नाहीत.