दुसरी मॅच बाकी होती

आमच्या वाडीत फुटबॉल कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी त्या फुटबॉलने आमच्या घरातला एक माणूस कायमचा नेला. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. आमचं घर वाडीच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. लहानपणी भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांतून तो पपनसाला लाथा मारत फिरायचा आणि आयच्या शिव्या खायचा. गिरणीत त्याच लाथांना भाव आला. गिरणीची टीम होती, साहेबाने त्याला तिच्यात घेतलं, आणि साठ सालच्या आसपास ती टीम देशातल्या एका मोठ्या चषकाच्या फायनलला पोचली.

ही फायनल दोन मॅचची. एक मुंबईत, दुसरी काही दिवसांनी कलकत्त्याला. दोन्हीकडचे गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त त्याचा चषक. आज मी हे सरळ सांगते आहे, तेव्हा वाडीत सांगणारं कुणी नव्हतं. आम्हाला खेळ ठाऊक तो हुतूतू. हुतूतूची फायनल झाली की तिथल्या तिथे ढाल मिळते, गुलाल उडतो आणि हरलेले धूळ झटकत घरी जातात. जिंकलेल्याला कुणी म्हणत नाही, की बाबा, आता परत खेळ.

माझा चुलता त्याच गिरणीत कामाला. पहिल्या मॅचनंतर तो रजेवर आला तो पोलादपूरच्या स्टँडपासून ओरडतच. "फायनल मारली! दोन गोलांनी मारली! एक गोल आपल्या पोराचा!" दुसऱ्या मॅचचं त्याला माहीत नव्हतं की आनंदात सांगायचं राहून गेलं, देव जाणे. मी पुढे त्याला कितीदा तरी विचारलं. दरवेळी तो तपकिरीची डबी शोधायला लागायचा.

शिमगा जवळ आला होता. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते, आणि ती कुणाच्या दारात आधी जाते यावर त्या घराची पत ठरते. पहिला मान पाटलांचा, मग त्यांच्या भावकीचा, मग बाकीच्यांचा. आमचं घर शेवटचं. आमच्याकडे पोचेपर्यंत उचलणाऱ्यांचे खांदे भरून आलेले असायचे आणि सनईवाल्याचा दम संपलेला. आमच्या अंगणात पालखी नाचवली, असं मला आठवत नाही. टेकवायची, आयकडून ओटी भरून घ्यायची आणि चालू पडायचं.

कलकत्त्याला जाण्याआधी भाऊ एक दिवस घरी आला. गाव त्याची वाटच बघत होतं. त्याला खालू बाजा वाजवत देवळात नेलं. माझा बा देवळाच्या बैठकीत जन्मभर चपलांजवळ बसलेला माणूस. त्या दिवशी पाटलांनी त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "पोरानं गावाचं नाव केलं. यंदा पयली पालखी ह्यांच्या दारात."

बा बोलायला म्हणून उठला. तसाच खाली बसला आणि लगेच पुन्हा उठला. आम्ही बायका खांबाशी उभ्या होतो. आय पदराने डोळे पुसत होती.

भाऊ म्हणाला, "पाटीलकाका, अजून एक म्याच बाकी हाय. कलकत्त्याला."

"ढाल कुठाय रे मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती दुसरी म्याच झाल्यावर."

"मुंबईवाले ते! पोस्टानं धाडतील!" सगळे हसले.

पाटील म्हणाले, "देवीसमोर नाय म्हनू नये पोरा."

भावाने एकदा बाकडे पाहिलं. बा पाटलांच्या शेजारी ताठ बसला होता आणि आपले दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. ते पाहून भाऊ गप्प झाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसलं आमचं गाव, आणि ते बाशिंग त्यांनी माझ्या भावाच्या गुडघ्याला बांधलं. माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेले. तो म्हणाला, "बाय, बाला सांग गो, अजून काय नक्की नाय."

"तूच सांग की."

"माज्यानं नाय होत. त्याचं तोंड बघितलंस ना?"

मी घरी येऊन बाला सांगितलं. बा विळ्याला धार लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "कळलं हुतं मला, तो म्याच बाकी हाय म्हनला तवाच. हरला तर हरला. एक दिस पाटलाशेजारी बसलो, तेवडं पुरं. आपल्याला पालखी शेवटचीच बरी, घाई नसते. शिमग्याला आला की मीच सांगीन त्याला."

कलकत्त्याची बातमी आमच्या शाळेच्या मास्तरांनी आणली. ते महाडला तळ्याजवळ राहायचे, तिथून पेपर घेऊन आले. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी वाचलं. तीन गोलांनी हरले. तिसरा गोल माझ्या भावाच्या पायातून निसटलेल्या चेंडूवर झाला, हे पुढे चुलत्याकडून कळलं.

पाटलांनी विचारलं, "म्हंजी पयली जिकली तिचं काय?"

"तिचं काही नाही. दोन्ही मिळून एका गोलाने हरले."

"जिकलेलं बी हरलं?"

"हो," मास्तर म्हणाले.

मान काढून घेतला असं कुणी तोंडाने म्हणालं नाही. 'देवीची रीत मोडू नये' एवढंच कुणीतरी म्हणालं, आणि पालखीचा विषय मिटला. बाने मान डोलावली. त्याला खरंच वाईट वाटलं नव्हतं. माझ्या बाला मी ओळखत होते.

शिमग्याला दुपारी चुलता एकटाच वर आला. हातात भावाची पिशवी. "मागच्या गाडीनं येतो म्हनला," असं सांगून तो ओट्यावर बसला, पाणीसुद्धा प्यायला नाही. आयने पुरणाचा घाट घातला होता. पिशवीत तिच्यासाठी लुगडं होतं, माझ्यासाठी रिबिनी, आणि बासाठी गुलाबी फेटा. पहिल्या मानाच्या पालखीला बाने बांधावा असा, कोरा करकरीत.

पालखी आमच्याकडे दिवस कलताना आली. टेकवली, आयने ओटी भरली. उचलायला लागले तसा बा पुढे झाला. "जरा थांबा. पोर मागच्या गाडीत हाय."

थांबले. हे मात्र गावाचं चांगलं म्हणायला हवं, सगळे मुकाट्याने थांबले. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही पायवाटेकडे डोळे लावून उभे राहिलो. वर कुणी आलं नाही. मग बानेच हात केला आणि त्यांनी पालखी उचलली.

पालखी गेल्यावर चुलता रडायला लागला. दोघे एकाच गाडीने पोलादपूरला उतरले होते. स्टँडवर गावातला एक जण भेटला. भावाने त्याला विचारलं, "पालखी कुनाच्या दारात हाय?" तो म्हणाला, "पाटलांच्या. दुसऱ्या कुनाच्या असनार?" भावाने पिशवी चुलत्याच्या हातात दिली आणि समोर उभ्या असलेल्या मुंबईच्या गाडीत जाऊन बसला.

बा एवढंच म्हणाला, "अरे, पालखी मागनं आली असती तरी चाललं असतं. तो आदी यायला हवा हुता."

बा स्वतः मुंबईला गेला तोवर भावाने गिरणी सोडली होती, खोलीही सोडली होती. कुणी म्हणे गोदीत पाहिला, कुणी म्हणे परत कलकत्त्याला गेला. आय त्याची पोळी दर शिमग्याला झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायची. तो फेटा बाने कधी बांधला नाही. बा गेला तेव्हा आम्हीच त्याच्या डोक्याला बांधला.

मी लग्न होऊन बिरवाडीला आले, पण शिमग्याला माहेरी जाते. पालखी अजून शेवटीच येते. उचलणारे आता नातवांच्या वयाचे. ते विचारतात, "आत्ये, उचलू?" मी म्हणते, थांबा जरा, मागची गाडी येऊ दे. वेड्या म्हातारीचं ऐकतात बिचारे. तो असेल तर माझ्याहून म्हातारा असेल, चढण चढायला वेळ लागेल त्याला. बाने त्याला काय सांगायचं ठरवलं होतं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.