सरहद्दीपलीकडचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, या रिवाजापायी मी परदेशी ठरलो. आमचं गाव जालन्याच्या उत्तरेला, निजामाच्या राज्यात. आईचं माहेर आठ कोसांवर, वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. सातव्या महिन्यात आई बैलगाडीने तिकडे गेली आणि सव्वा महिन्याच्या मला घेऊन परत आली. येताना जकात नाक्यावरच्या शिपायाने बाळंतविड्यातली झबली-टोपडी झटकून झटकून पाहिली म्हणे. मला मात्र त्याने खुशाल आत येऊ दिलं.

त्यानंतर वीस वर्षं मी इथेच वाढलो, उर्दूतून शाळा शिकलो. परतूरच्या शाळेत मास्तरकी मिळणार हे ठरलं, तेव्हा फक्त मुलकी दाखला आणायचा राहिला होता. हा माणूस आपल्याच मुलखातला, एवढंच सांगणारा तो कागद. पण त्याच्याशिवाय सरकारी नोकरी नव्हती.

कचेरीतल्या कारकुनाने जन्मगाव विचारलं. मी खरं ते सांगितलं. इतका गाढवपणा मी पुन्हा कधी केला नाही.

"तुम तो गैरमुलकी हो," असं म्हणून त्याने अर्ज बाजूला सारला.

सोबत वडील होते. ते म्हणाले, "साहेब, आमी पिढ्यान्‌पिढ्या हितंच राह्यलो. ह्याची माय बाळंतपणाला गेल्ती तिकडं. पहिलं बाळंतपण माहेरीच करतेत."

"तो फिर नौकरी भी वहीं करो."

हा गृहस्थ स्वतः लखनौकडून आलेला, उण्यापुऱ्या दहा वर्षांपूर्वी. त्याच्याकडे दाखला होता आणि खुर्चीही. ज्या मातीत माझे आजे-पणजे राबले, तिथला मी उपरा, हे त्याने मला सांगावं? त्या दिवशीचा संताप आजही जसाच्या तसा उठतो.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा म्हणाला, "काका, जनम हितंच झाला म्हणून शपथेवर लिहून द्या. मंग कारकुनाला मानावंच लागतं. कोण बघाया येतंय?" वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं सांगितलं. घरी आल्यावर ते दोन दिवस आईशी बोलले नाहीत. जशी काही तिचीच चूक.

दाखला मिळाला, मास्तरकीही मिळाली. पुढे माझ्या बायकोला दिवस गेले. तिचं माहेरही सरहद्दीपलीकडचं. सातव्या महिन्यात तिचा भाऊ गाडी घेऊन आला, तर वडिलांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

"बाळंतपण हितंच हुईल. मंग कागदासाठी आपल्या लेकराला बी हिंडवायचं का?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिने गाठोडं बांधून ठेवलं होतं. कारकुनासमोर माझं काही चाललं नव्हतं, पण हे तर घर होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

मुलगी झाली. बायको दोन दिवस अडली होती आणि सारखी आईला हाका मारत होती. आई आठ-दहा कोसांवर होती.

काही वर्षांत निजामाचं राज्य गेलं, नाका उठला. मुलीला तो दाखला कधी लागलाच नाही. कारकून कोण, कुठला, हे बायकोने कधी विचारलं नाही. ती राग धरते तो माझ्यावर, आणि बरोबर धरते.